काय हा अवतार! सैनिकी सिम्युलेशनसाठी घरच्या घरी कंट्रोल कसा जोडायचा

माझा मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाला, आता बेळगावला असतो. चवथीला फोंड्याला आमच्याकडे आला होता, तर मी मोठ्या उत्साहाने त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि माझा व्हर्च्युअल सैनिक, म्हणजे स्क्रीनवरचा अवतार, चालवून दाखवला, कीबोर्ड-माऊस, सगळे गेम खेळतात तसंच. कोपऱ्यावरनं बंदूक समोर धरून सैनिक सटासट बाजूला सरकला, परत आत, परत बाहेर. मामा बघत राहिला आणि म्हणाला, "ही कुर्ली आहे काय रे? माणूस असा बाजूला धावला तर पायात पाय अडकून तोंडावर पडेल. आणि हा मान का वळवत नाही, मान आखडलीय याची?"

त्या एका वाक्याने माझे तीन महिने पाण्यात. पण बरोबर होतं त्याचं. गेममध्ये जिंकायचं असतं, ट्रेनिंगमध्ये शिकायचं असतं, आणि खोट्या शरीराला जर खऱ्या शरीराला न जमणाऱ्या गोष्टी करू दिल्या तर शिकणारा नेमक्या त्याच शिकतो. याला त्या फिल्डमधले लोक निगेटिव्ह ट्रेनिंग म्हणतात. म्हणून त्यानंतर मी कंट्रोल सगळा उचकटला आणि नव्याने जोडला, आणि आता कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी सारखी विचारतात म्हणून एकदा नीट लिहून टाकतोय. हे घरगुती आहे, आर्मीला विकायला नाही, पण यामागची डोकी खऱ्या लॅबमधली आहेत.

आधी थोडं मागचं, कंटाळा आला तर उडी मारा

अमेरिकेत १९८० च्या दशकात डार्पाने (तिथल्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था) सिमनेट म्हणून प्रकार केला, त्यात रणगाड्यांचे सिम्युलेटर नेटवर्कने एकमेकांना जोडले. रणगाड्याला कंट्रोल देणं सोपं कारण खऱ्या रणगाड्यातही माणूस बसूनच असतो, हातात हॅंडल, डोळ्यासमोर छोटी खिडकी, तेवढं हुबेहूब केलं की झालं. भानगड सुरू होते पायदळाच्या माणसाची. त्याचं शरीर हेच त्याचं वाहन. १९९६ मध्ये अमेरिकन मरीननी डूम गेमचं आपलं व्हर्जन करून पोरांना टीमने विचार करायला शिकवायचा प्रयोग केला, पण त्यात तुम्ही म्हणजे एक तरंगणारी बंदूक, बाकी काही नाही.

मग लोक दुसऱ्या टोकाला गेले. सगळ्या दिशांना चालता येईल असे ट्रेडमिल आले, माणूस आत शिरून चालेल असे मोठे पोकळ गोळे आले. २०१२ मध्ये अमेरिकन आर्मीने फोर्ट ब्रॅगला डिसमाउंटेड सोल्जर ट्रेनिंग सिस्टिम आणली, त्यात डोक्याला हेडसेट, पाठीवर कॉम्प्युटर, रबरी मॅटवर उभं राहायचं, आणि गंमत म्हणजे एवढं सगळं करून चालायला काय तर बंदुकीवर बसवलेली छोटी जॉयस्टिक. म्हणजे पायाचं काम शेवटी अंगठ्याकडेच.

मला पटला तो तिसरा रस्ता. अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबमध्ये जेम्स टेंपलमन आणि त्यांच्या टीमने आधी जागच्या जागी पाय उचलून चालायची एक सिस्टिम केली आणि नंतर पॉइंटमन नावाची बसून वापरायची. खुर्ची, हातात गेमपॅड, पायाखाली सरकणारे पेडल आणि डोक्याची हालचाल पकडणारा ट्रॅकर. व्हीबीएस टू या मिलिटरी सिम्युलेशन सॉफ्टवेअरला त्यांनी तो जोडला होता. खोली भरून यंत्र नको, ट्रेडमिल नको, टेबल-खुर्चीवर मावतं. आपण खाली जे करतोय ते त्याच विचाराचं गरीब भावंड समजा.

आणि हा विचार आपल्याला काही नवा नाही. जत्रेतल्या संगीत नाटकात पायपेटीवाला बघितलाय ना? भात्याचं काम पायाकडे दिलंय म्हणून दोन्ही हात सुरांना मोकळे. हातपेटीत एक हात भात्यात अडकतो. कीबोर्ड-माऊसवर सैनिक चालवणं म्हणजे तीच हातपेटी झाली, डावा हात नुसता चालवण्यात संपतो.

चार दिशा वेगळ्या करा, बाकी सगळं यातनंच निघतं

उभे राहा आणि करून बघा, वाचून कळणार नाही. पावलं एका दिशेला जातायत, छाती दुसरीकडे असू शकते, हातातली वस्तू तिसरीकडे आणि नजर चौथीकडे. बाजारातनं दोन पिशव्या घेऊन येताना तुम्ही हे रोज करता, पाय घराकडे आणि मान मागून येणाऱ्या बसकडे. गेममध्ये मात्र नजर, छाती आणि बंदूक या तिघांना एकाच माऊसला बांधून टाकतात आणि पावलं तेवढी वेगळी. त्यामुळे मामा म्हणाला तसं मान आखडल्यासारखं दिसतं, आणि बघायचं म्हटलं की नळी आपोआप तिकडे वळते, मग तिकडे आपला मित्र उभा का असेना.

कोपरा पार करताना हे सगळ्यात जास्त छळतं. शिकलेला माणूस कोपऱ्याला चिकटून एकदम बाहेर येत नाही, भिंतीपासून लांब राहून अर्धगोलात फिरत फिरत थोडी थोडी जागा उघडी करतो, म्हणजे पावलं गोलात आणि बंदूक कायम त्या कडेवर. दिशा वेगळ्या नसतील तर हे धड होतच नाही.

तर माझी वाटणी अशी आहे. उजवी स्टिक छाती फिरवते. डावी स्टिक फक्त पावलांची दिशा सांगते, ती ढकलून माणूस चालत नाही. चालवतात ते पेडल. डोकं म्हणजे नजर. आणि गेमपॅड स्वतः वर-खाली कलवला की बंदूक वर-खाली: पॅड मांडीकडे झुकला की नळी जमिनीकडे, पॅड वर उचलला की बंदूक खांद्याला. बंदूक खांद्याला लागली की ती नजरेला जोडली जाते, म्हणजे नेम डोक्याने बारीक हलवायचा, आणि खाली केली की मान परत मोकळी. हे शेवटचं मला सुचायला फार वेळ लागला आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

पेडल

विमानाच्या सिम्युलेटरचे रडर पेडल विकत मिळतात, बजेट असेल तर घ्या आणि हा भाग सोडा. मी एका ऑनलाइन दुकानातनं मागवले होते, आले तेव्हा एक बाजू लोळागोळा, परत करण्यात महिना गेला, म्हणून मग नाद सोडला आणि बॅंडवाल्या मित्राकडे गेलो. गोव्यात बॅंडवाला मित्र नसेल असा माणूस नाही. त्यांच्याकडे कीबोर्डला लावायचे एक्स्प्रेशन पेडल पडून असतात, आवाज कमी-जास्त करायचे. आत साधं पोटेंशिओमीटर (फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा भाग) असतं, पेडल सोडला तिथेच राहतो, स्प्रिंगने परत येत नाही, आणि आपल्याला तेच पाहिजे. असे दोन घ्या.

शिलाई मशीनचा पेडल वापरू का असं तिघांनी विचारलंय. नका वापरू. इलेक्ट्रिक मशीनच्या पेडलमध्ये घरातला २३० व्होल्ट फिरत असतो, तो कॉम्प्युटरला जोडण्याच्या भानगडीत पडू नका.

दोन्ही पेडल प्रो मायक्रो नावाच्या, प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डला जोडायचे. हाच का, तर त्यावर एटीमेगा ३२यू४ चिप असते आणि ती स्वतःला युएसबी जॉयस्टिक म्हणून सांगू शकते, वेगळा ड्रायव्हर नको, आणि जॉयस्टिकसाठी तयार लायब्ररी मिळते. पेडलच्या पिनला तीन भाग असतात, टोक, मधली रिंग आणि मुळाकडचा भाग. बहुतेक वेळा टोकावर सिग्नल, रिंगला पाच व्होल्ट आणि मुळाला ग्राउंड, पण काही कंपन्या टोक आणि रिंग उलटे करतात, त्यामुळे मल्टीमीटर लावून, पेडल हलवून कुठल्या दोन भागांमधला रेझिस्टन्स बदलतो आणि कुठला तसाच राहतो ते आधी बघा. न बघता जोडलं आणि उलटं निघालं तर पेडलच्या एका टोकाला शॉर्ट होतो आणि युएसबी पोर्ट रुसून बसतो. माझा बसला होता.

बोर्ड पेडलचं व्होल्टेज ० ते १०२३ मध्ये वाचतो. पेडल पूर्ण टोकाला जात नाही, माझा एक ४० ते ९८० मध्येच फिरतो, म्हणून सुरुवातीला दोन्ही पेडल पूर्ण वर, पूर्ण खाली करून कमाल-किमान लिहून ठेवा आणि त्यावरून ० ते १ असा आकडा काढा.

आता मजा. दोन पेडलवरून चालणं आणि बसणं दोन्ही काढायचंय. डावा वजा उजवा, हा फरक म्हणजे चाल. दोघांची सरासरी म्हणजे बैठक. दोन्ही पेडल अर्ध्यावर असले की सरासरी ०.५, माणूस ताठ उभा. पाय आलटून पालटून हलवले की डावा ०.८ तर उजवा ०.२, फरक हलतो पण सरासरी ०.५ च राहते, म्हणून तो उभा राहूनच चालतो. दोन्ही एकदम दाबत गेलात तर सरासरी वाढते आणि माणूस हळूहळू वाकतो, मध्ये कुठेही थांबवा, अर्धा वाकलेला, पाऊण वाकलेला, भिंत जेवढी बुटकी तेवढा. गेममधल्या उभा-वाकलेला-आडवा अशा तीन बटणांपेक्षा हे शंभर पटीने खरं वाटतं. (आर्मा थ्री या गेममध्ये कीबोर्डचं कंट्रोल बटण दाबून उंची टप्प्याटप्प्याने बदलता येते, गेमच्या मानाने ते चांगलंच आहे, पण दोन बोटं अडकतात.)

आणि यात मला न मागता एक गोष्ट फुकट मिळाली. सरासरी ०.८ वर असताना पेडलना वर-खाली व्हायला जागाच कमी उरते, फरक जास्तीत जास्त ०.४, त्यामुळे वाकलेला माणूस आपोआप छोटी पावलं टाकतो. वेगळा नियम लिहायला नको! दोन्ही पेडल पूर्ण दाबले की फरक शून्य, म्हणजे खाली बसलेला माणूस चालूच शकत नाही. आणि सरासरी ०.५ च्या खाली गेली तर? त्याला मी चवड्यांवर उभं राहणं देऊन टाकलं, कुंपणावरून डोकावायला.

आडवं पडायला मात्र वेगळं बटण ठेवलंय आणि त्याला मुद्दाम दोन सेकंद लागतात. उठायला थोडे जास्त. पोरं ओरडतात फार वेळ लागतो म्हणून. लागू दे.

वेग असा काढा: माणूस साधारण सेकंदाला १.४ मीटर चालतो, म्हणजे सेकंदाला दोन पावलं आणि पाऊल ०.७ मीटर. प्रत्येक वेळी फरक एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला की एक पाऊल, किती लांब गेला त्याच्या प्रमाणात ०.७ मीटरचा तुकडा. मागे जाताना मी त्याला ०.६ ने आणि आडवं जाताना ०.५ ने गुणलंय, हे आकडे माझ्या अंगणात मीच चालून बघून ठरवलेत, तुम्ही तुमच्या अंगणात बघा. कुर्लीचा प्रश्न इथे सुटतो. पाय जागेवर थरथरतात म्हणून ०.५ च्या आसपास थोडी मेलेली जागा (डेड झोन, म्हणजे जिथली हालचाल मोजायचीच नाही) सोडा, नाहीतर अवतार उभ्याउभ्या नाचतो.

पॅड आणि त्याचा कल

काही गेमपॅडमध्ये जायरो (वळणं मोजणारा सेन्सर) आत असतोच, प्लेस्टेशनच्या पॅडमध्ये २००६ पासून कल ओळखायची सोय आहे, पण कॉम्प्युटरवर तो आपल्या प्रोग्राममध्ये आणायला मधलं सॉफ्टवेअर लागतं आणि ते कधी चालतं कधी नाही. मी सरळ एमपीयू-६०५० चा छोटा बोर्ड (त्यात जायरो आणि जमिनीच्या ओढीवरून कल ओळखणारा ॲक्सेलरोमीटर असे दोन्ही असतात) पॅडच्या पाठीला दोन बाजूंच्या टेपने चिकटवला आणि त्याच प्रो मायक्रोला जोडला, पिन दोन आणि तीन. याची वायर लांब ठेवू नका, मीटरभर झाली की डेटा अडखळायला लागतो, म्हणून प्रो मायक्रो पॅडजवळ ठेवा आणि पेडलच्या वायरी लांब ओढून वर आणा, त्यांना लांबीचं काही वाटत नाही.

नुसत्या जायरोचा आकडा हळूहळू वाहवत जातो आणि नुसत्या ॲक्सेलरोमीटरचा थरथरतो, तर दोघांना मिसळायचं, ९८ टक्के जायरो, २ टक्के ॲक्सेलरोमीटर, एवढ्याने काम होतं, कालमन फिल्टर वगैरेच्या मागे पहिल्या दिवशी लागू नका.

स्टिकची मेलेली जागा विसरू नका. विंडोजच्या एक्सइनपुटमध्ये (गेमपॅड वाचायची सोय) स्टिकचा आकडा ३२७६७ पर्यंत जातो आणि मायक्रोसॉफ्टनेच डाव्या स्टिकला ७८४९, उजव्या स्टिकला ८६८९ एवढी मेलेली जागा सुचवलीय, म्हणजे जवळजवळ पाव भाग! डाव्या स्टिकला चालेल, तिने फक्त दिशा सांगायचीय. उजव्या स्टिकला एवढी ठेवली तर छाती झटक्याने वळते. मी निम्मी ठेवतो आणि सुरुवातीला सावकाश, पुढे जोरात असा वक्र देतो.

बंदुकीच्या आकाराचा कंट्रोल करावा असं सगळ्यांनाच वाटतं. करा, पण पीव्हीसी पाइपचा करा आणि घरातच ठेवा. हुबेहूब दिसणारी नकली बंदूक घेऊन कदंबाच्या बसमध्ये चढलात तर पुढचं सिम्युलेशन पोलीस स्टेशनमध्ये होईल.

डोकं

हेडसेट पाहिजेच असं नाही. साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर, त्यात चेहरा ओळखणारा न्यूरलनेट ट्रॅकर आहे तो निवडा. आउटपुटमध्ये युडीपी (नेटवर्कवरून आकडे पाठवायची साधी पद्धत) निवडलं की ते पोर्ट ४२४२ वर सहा आकडे पाठवत राहतं, तीन जागेचे सेंटिमीटरमध्ये आणि तीन वळण्याचे अंशांमध्ये, प्रत्येक आकडा आठ बाइटचा म्हणजे सगळे मिळून ४८ बाइट. गोडो फोर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये युडीपी पॅकेट उघडून हे आकडे एकामागून एक वाचायचे, दहा-बारा ओळींचं काम. युनिटी, अनरिअलमध्येही तसंच.

अडचण ही की मॉनिटर समोरच असतो. २४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून बघितला तर तो तुमच्या डोळ्यांना जेमतेम ४८ अंश दिसतो, आणि माणसाला दोन्ही डोळ्यांनी आडवं जवळपास २०० अंशांचं दिसत असतं. खरी मान ९० अंश वळवली तर स्क्रीनच दिसणार नाही. म्हणून मान १५ अंश वळली की अवताराची ६० वळवायची. पण मध्यभागी हेच प्रमाण ठेवलं तर श्वास घेतला तरी नेम हलतो, म्हणून ओपनट्रॅकच्या वक्रात मधले चार-पाच अंश जवळजवळ सपाट ठेवा आणि मग चढ द्या. डोकं बाजूला सरकवलं तर अवताराने झुकायचं, त्याला सेंटिमीटरवाले आकडे वापरा. मामाला हे झुकणं सगळ्यात आवडलं, न सांगता करायला लागला.

वेबकॅममध्ये पट्टे सरकताना दिसत असतील तर सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ करा, आपली वीज ५० ची, कॅमेरे बऱ्याचदा ६० वर सेट होऊन येतात. आणि मागे खिडकी नको. पावसाळ्यात दुपारी चारला जो काळोख होतो त्यात ट्रॅकर आंधळा होतो, चेहऱ्यावर एक दिवा पाहिजे, आणि लाईट गेली तर, मग काय, चहा.

उशीर मोजा, अंदाज नको

सगळं जोडलं की मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमवर असा व्हिडिओ घ्या की तुमचा पाय आणि स्क्रीन दोन्ही दिसतील. पाय हलल्यापासून अवतार हलेपर्यंत फ्रेम मोजा, एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. माझे पहिल्यांदा ३१ फ्रेम आले, म्हणजे १३० मिलिसेकंद! निम्मा दोष माझ्याच फिल्टरचा, मी आकडे गुळगुळीत करायच्या नादात सरासरीवर सरासरी घेत बसलो होतो. बाकी ब्लूटूथ काढून केबल लावली, व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या ठोक्याला बांधणारी सेटिंग) बंद केलं. आता १४-१५ फ्रेमवर आलंय आणि मॉनिटरवर तेवढं चालतं. हेडसेट लावणार असाल तर मान वळण्यापासून चित्र वळेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या आसपास पाहिजे, नाहीतर पोटात ढवळतं.

ढवळण्यावरून. याला सिम्युलेटर सिकनेस म्हणतात आणि १९९३ पासून त्याची १६ लक्षणांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, मळमळ, डोळ्यांवर ताण, घाम, गरगरणं वगैरे. आधी एकदा आणि नंतर एकदा भरून घ्या. पहिल्या दिवशी वीस मिनिटांच्या वर कोणाला बसवू नका. आणि उठल्या उठल्या स्कूटर काढू देऊ नका, अर्धा तास बसवा, फोंड्याचे चढ-उतार आणि वळणं चांगल्या डोक्यालाही गरगरवतात.

दोन कॉम्प्युटर जोडायचे असतील तर एक खड्डा

खऱ्या सिम्युलेटरांमध्ये डीआयएस नावाचं स्टॅंडर्ड चालतं, आयईईई १२७८, सिमनेटमधनंच जन्माला आलेलं, आणि ओपन-डीआयएस म्हणून त्याची फुकट लायब्ररी आहे. त्यात प्रत्येक जण मी कुठे आहे, कसा हलतोय हे सांगतो आणि मधल्या काळात बाकीचे अंदाजाने त्याला पुढे सरकवत राहतात. अंदाज चुकला तरच नवा निरोप, नाहीतर पाच सेकंदांनी एक. चुकला म्हणजे किती? ठरलेला आकडा आहे एक मीटर आणि तीन अंश. रणगाड्याला एक मीटर म्हणजे काहीच नाही. कोपऱ्यावरून डोकं काढणाऱ्या माणसाला एक मीटर म्हणजे तो दिसतो की नाही हाच फरक! आमचा पहिला प्रयोग यातच फसला, माझ्या स्क्रीनवर मी भिंतीआड आणि मित्राच्या स्क्रीनवर उघड्यावर. तर पायी माणसासाठी हा आकडा १०-१५ सेंटिमीटरवर आणा, दोन-चार कॉम्प्युटरच्या नेटवर्कला काही जड नाही.

दुसरं, त्या निरोपात माणसाच्या बैठकीला ठरावीक नावंच आहेत: उभा, चालतोय, धावतोय, गुडघ्यावर, वाकलेला, आडवा, रांगतोय अशी. तुमच्या पेडलने केलेला पाऊण वाकलेला माणूस पलीकडे फक्त वाकलेला म्हणून पोचतो. एवढी मेहनत करून! यावर मी उंचीचा एक आकडा वेगळ्या निरोपात पाठवतो, स्टॅंडर्डच्या बाहेरचं आहे, पण घरातल्या घरात चालतं.

कुठे चालवायचं

नकाशा म्हणून आजोळचं जुनं घर घ्या. मी तेच केलंय, सोपा, मधलं राजांगण, चारी बाजूंनी पडवी, अंधारी कोठी. राजांगणाचे चार कोपरे म्हणजे कोपरा पार करायची शाळाच, आणि तुळशीवृंदावन बरोबर छातीच्या उंचीचं, वाकून बघायला. खरी मिलिटरीची जागा मॉडेल करायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे दाबोळीचा विमानतळ म्हणजे नेव्हीचा आयएनएस हंसा, वेरेंला नेव्हल वॉर कॉलेज, पणजीत सिग्नल ट्रेनिंग सेंटर, सगळं येता-जाता दिसतं म्हणून फोटो काढून थ्रीडी करायचा मोह होतो. मोह आवरा.

पॅडची चार बाणांची बटणं उरतात, ती हाताच्या खुणांना द्या: थांब, बस, पुढे, माझ्याकडे या. बोलण्यापेक्षा खुणा जास्त वापरतात असं मामाने सांगितलं म्हणून घातल्या.

चांगलं झालं की नाही कसं कळणार

वेळ मोजू नका. म्हणजे मोजा, पण त्यावर जाऊ नका, कीबोर्ड-माऊसवाला पोरगा दर वेळी आधी पोचणार आणि तुम्हाला वाईट वाटणार. मी दोन गोष्टी मोजतो. एक, बंदुकीच्या नळीतनं एक अदृश्य रेषा सोडायची आणि ती आपल्याच साथीदाराच्या अंगावरून किती वेळा गेली ते मोजायचं. कीबोर्डवर हा आकडा एका फेरीत सहज वीसच्या वर गेला, कारण बघणं आणि रोखणं एकच, आणि नव्या कंट्रोलवर त्याच पोरांचा चार-पाचवर आला, तोही शिकल्यानंतर. दुसरं, नासा-टीएलएक्स नावाची सहा प्रश्नांची पट्टी आहे, १९८८ ची, डोक्याला किती ताण, शरीराला किती, घाई किती, काम किती जमलं, मेहनत किती, वैताग किती. पहिल्या दिवशी वैताग शंभर असतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला बघा. तेव्हाही तेवढाच असेल तर चूक तुमच्या कंट्रोलची, पोरांची नाही, आणि बहुतेक वेळा ती पेडलच्या मेलेल्या जागेत सापडते.

पाऊस संपेपर्यंत पेडलमधनं आकडे उड्या मारायला लागतात, आतल्या पोटेंशिओमीटरला दमट हवा लागते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, दहा वेळा पेडल वर-खाली करायचा, ठीक होतं.

मामा दिवाळीला परत आला. याही वेळी बसवला, पॅड हातात दिला, पेडल दाखवले. पायपेटी म्हणाला तोही, मी न सांगता. दोन्ही पाय दाबून राजांगणाच्या खांबाआड वाकला, बंदूक खाली केली, मान थोडी बाजूला नेली आणि थांबला. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, हलेना. मला वाटलं वेबकॅम अडकला. विचारलं काय झालं, तर म्हणतो, "आधी ऐकतोय ना, पलीकडे कोणाची पावलं वाजतात का ते."

आवाज घातलाच नव्हता मी. आता ते चालू आहे, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाऊल, फरशीवर पाऊल, सुक्या पानांवर पाऊल, मोबाईल घेऊन आजोळी रेकॉर्ड करत फिरतोय.